मजुरीचा भाव कोण ठरवतो?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभागातील एका विद्यार्थिनीचा लेख)

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन रेषा काढल्या. एक डावीकडून उजवीकडे उतरणारी, ती मागणीची. दुसरी चढत जाणारी, ती पुरवठ्याची. जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे किंमत ठरते. आधी बटाट्याचे उदाहरण झाले, मग कापडाचे, आणि शेवटी सर म्हणाले, "श्रमाचा बाजारही असाच चालतो. श्रमाची मागणी आणि श्रमाचा पुरवठा जेथे जुळतो, तेथे मजुरीचा दर ठरतो."

मी वहीत आकृती काढून घेतली. पण घरी गेल्यावर ती आकृती डोक्यातून जाईना. माझी आई शेतमजूर आहे. आजीही होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा मजुरीचा दर ही माझ्यासाठी केवळ परीक्षेतील आकृती नव्हती. संध्याकाळी आईच्या पदराच्या गाठीला किती पैसे असतील, हा तो प्रश्न होता. आमच्या गावात, म्हणजे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, २०२५ च्या सुरुवातीला बाईचा रोज २५० रुपये आणि गड्याचा ४५० रुपये होता. फळ्यावरील त्या दोन रेषांनी हा आकडा ठरवला काय? आणि ठरवला असेल, तर त्यात सरकारने हात घालावा की घालू नये? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा माझ्या कुवतीनुसार विचार करावयाचा आहे.

श्रम आणि बटाटा

श्रमालाही मागणी आणि पुरवठा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पेरणी, भांगलण आणि काढणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची धांदल उडते, मजूर मिळत नाही आणि रोज चढतो. माघ-फाल्गुनानंतर रानात काम उरत नाही, तेव्हा तो उतरतो. एवढ्यापुरती आकृती खरी आहे.

तथापि बटाटा आणि श्रम यांत तीन मोठे फरक आहेत.

पहिला असा की, श्रम साठवता येत नाही. बटाट्याला आज भाव नसेल तर तो शीतगृहात ठेवता येतो. आजचा दिवस मात्र आज विकला नाही तर तो कायमचा गेला. उद्या दोन दिवसांचे श्रम विकता येत नाहीत.

दुसरा असा की, विकणाऱ्याला मालाबरोबर स्वतःला जावे लागते. बटाटा विकून शेतकरी घरी परततो. मजूर बाई मात्र दिवसभर मालकाच्या रानात असते. ऊन, शिव्या, पाण्याचा माठ किती लांब आहे, हे सारे तिच्याच वाट्याला येते. म्हणूनच श्रमाच्या सौद्यात दराबरोबर माणसाची प्रतिष्ठाही गुंतलेली असते.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. सौदा करणाऱ्या दोघांची थांबण्याची ताकद सारखी नसते. ॲडम स्मिथ हा अर्थशास्त्राचा जनक मानला जातो आणि मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यानेच दाखवून दिले आहे की, मालक साठवलेल्या पुंजीवर पुष्कळ दिवस काढू शकतो, पण कामाविना फार दिवस तग धरील असा मजूर विरळा. मालक मंडळी मजुरी वाढू नये म्हणून आपसांत गुपचूप एकजूट करतात, हेही त्याने नोंदवले आहे. आपल्याकडे याला ग्रंथाची गरज नाही. "अडला हरी गाढवाचे पाय धरी" ही म्हण म्हणजे श्रमाच्या बाजाराचे अर्धे शास्त्रच आहे.

आमच्या गावात काम देणारे बागायतदार आठ-दहा आणि काम मागणारे हात काही शे. हंगामाच्या आधी पारावर बसून यंदा रोज काय द्यायचा याचे बोलणे होते आणि तोच दर सगळीकडे सांगितला जातो. बटाट्याच्या बाजारात हजार विकणारे आणि हजार घेणारे असतात असे आपण धरतो. येथे घेणारे मोजके आणि एका पारावर मावणारे. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९३३ साली अशा बाजाराचे विवेचन केले. खरेदीदार एकच, किंवा एकत्र आलेले थोडे, असतील तर मजुरीचा दर मजुराच्या उत्पादकतेपेक्षा खाली राहतो आणि कामावर माणसेही कमीच लावली जातात. म्हणजे अशा ठिकाणी दर थोडा वर उचलला तर काम घटेलच असे नाही. मजुराची उत्पादकता ओलांडली जात नाही तोवर कामावर येणारे हात वाढूही शकतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

उलटी वळणारी रेषा

पुरवठ्याच्या रेषेबद्दलही एक शंका मला सतावत होती. भाव वाढला की पुरवठा वाढतो आणि भाव पडला की पुरवठा घटतो, असा नियम आपण शिकतो. गरिबाच्या घरात मात्र कित्येकदा याच्या नेमके उलट घडते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका कुटुंबाला दिवसाला किमान ४०० रुपये लागतात. बापाला ४५० रुपये रोज मिळत असेल, तर आई घरचे पाहील आणि मुलगी शाळेत जाईल. रोज ३०० वर आला की उरलेल्या शंभरासाठी आईला रानात जावे लागेल. तो आणखी उतरला आणि दोघांच्या मजुरीतूनही भागेना, तर मुलीच्या हाती खुरपे येईल. म्हणजे दर जसजसा पडतो तसतसे बाजारात येणारे हात वाढतात, आणि हात वाढल्यामुळे दर आणखी पडतो. या घसरणीला मध्ये कोठेच बांध नाही. आमच्या वर्गातील तीन मुलींची शाळा आठवीनंतर सुटली, ती याच हिशेबाने. त्या मुली माझ्यापेक्षा अभ्यासात कमी नव्हत्या.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, हा बांध घालायचा कोणी?

बांध घालण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग संघटनेचा. गिरणीत हजारो कामगार एका छपराखाली असतात; तेथे एकजूट करणे अवघड असले तरी शक्य असते. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. आज आपण जी रविवारची सुटी निवांत उपभोगतो तिच्यामागे हा लढा आहे. परंतु शेतमजूर दहा वाड्यांवर आणि शंभर रानांत विखुरलेला असतो. शिवाय ज्याच्याविरुद्ध संघटना करायची, त्याच्याकडूनच अडीनडीला उसने घ्यायचे असते.

दुसरा मार्ग कायद्याने दर ठरवण्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि त्या काळात कामगारविषयक कायद्यांना मोठी चालना मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली किमान वेतन कायदा झाला आणि त्यात शेतमजुरीचाही अंतर्भाव झाला. हा कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत विलीन करण्यात आला. कायद्याचा हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु शेतातील दर कमी दिला, अशी तक्रार करायला कोण जाणार? आणि गेलेच, तर दुसऱ्या दिवशी कामाला कोण बोलावणार? कागदावरील किमान दर आणि पदराच्या गाठीतील दर यांत म्हणूनच अंतर राहते.

तिसरा मार्ग असा की, सरकारने स्वतःच श्रमाचा खरेदीदार म्हणून बाजारात उतरायचे. "कोणी काम देत नसेल तर मी देतो, आणि अमुक दराने देतो," असे म्हणायचे. हा मार्ग देशाला महाराष्ट्राने दाखवला, आणि त्याचे नाव रोजगार हमी योजना.

तासगाव ते कायदा

या योजनेचे जनक वि. स. पागे. ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांनी या कल्पनेचा प्रयोग केला. मागेल त्याला काम द्यायचे, आणि ते असे द्यायचे की त्यातून गावात पाणी, माती आणि रस्ते यांची भर पडेल, अशी कल्पना थोडक्यात सांगता येईल.

त्यानंतर महाराष्ट्रावर १९७० ते १९७३ चा भीषण दुष्काळ कोसळला. आमच्याकडे अजूनही लोक वयाचा हिशेब "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर" असा करतात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. एवढा मोठा दुष्काळ पडूनही बंगालच्या १९४३ च्या दुष्काळासारखा भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही, याचे मोठे श्रेय अभ्यासक या कामांना देतात. त्याचे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. दुष्काळात धान्य कमी होते हे खरे. पण त्याहून अधिक आटते ती मजुराची खरेदीशक्ती. रानात काम नाही म्हणून रोज नाही, आणि रोज नाही म्हणून बाजारात धान्य असले तरी ते घेता येत नाही. कामाच्या रूपाने हातात पैसा पडला की धान्य त्याच्या मागोमाग गावापर्यंत येते.

माझी आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला जाई. मिलोच्या तांबड्या भाकरीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव तिला अजून आठवते. पण तिने सांगितलेली दुसरीच गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. ती म्हणाली, "रानात बाईला गड्याच्या निम्मं. हितं मात्र खडीचं माप घालायचं. मापाला काय बाई-गडी कळतंय व्हय?" समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे. निरक्षर आजीला ते घटनेतून कळले नाही, खडीच्या ढिगातून कळले. हमीच्या कामांवर पुढेही बायकांची संख्या एवढी मोठी का राहिली, याचे उत्तर तिच्या या एका वाक्यात आहे.

दुष्काळ संपला तरी योजना संपली नाही. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला ग्रामीण भागापुरते कायद्याचे रूप दिले. अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीने अर्ज केल्यापासून १५ दिवसांत तिला काम द्यायचे; न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. तो भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता हे खरे. पण त्या एका रुपयात, काम न देणे ही सरकारची चूक आहे, अशी कबुली होती.

पैसा कोठून आला?

सरकार काही आभाळातून पैसा आणत नाही. या योजनेसाठी १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून तो घेतला जाऊ लागला आणि इतर काही करांवरील अधिभारांची त्याला जोड मिळाली. जमलेल्या रकमेएवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले.

आपल्या प्राध्यापकांनी आपले पगारपत्रक जरूर पाहावे. त्यात व्यवसाय कराचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे २,५०० रुपये कापलेले दिसतील. घटनेने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. ज्याला पगाराची हमी आहे त्याने ज्याला कसलीच हमी नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, असा हा शहर आणि खेडे यांमधील करार होता. एका अर्थाने, फळ्यावर आकृती काढणारे सर आणि खडी फोडणारी माझी आजी हे दोघे एकाच आकृतीत होते.

हमी बाजारात काय करते?

आता पुन्हा त्या दोन रेषांकडे येऊ. हमीचे काम सुरू झाले की मजुरासमोर दुसरा दरवाजा उघडतो. मालक २५० देत असेल आणि तासाभराच्या वाटेवर हमीच्या कामाला ३०० मिळत असतील, तर मालकालाही ३०० च्या आसपास यावे लागते. गंमत अशी की, त्यासाठी प्रत्येक मजुराने हमीच्या कामावर जायला हवे असे नाही. जाता येते एवढे पुरे. ज्याला थांबता येते त्यालाच भाव करता येतो, आणि हमी मजुराला थांबण्याची ताकद देते. गिरणी कामगाराला संघटनेने जे दिले, ते शेतमजुराला या कायद्याने काही प्रमाणात दिले.

महाराष्ट्राच्या अनुभवावर आधारलेला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केंद्र सरकारने २००५ साली केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. त्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात त्याचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. आमच्या गावातील दराशी तो ताडून पाहावा. गड्याच्या ४५० पेक्षा तो कमी आणि बाईच्या २५० पेक्षा जास्त. त्यामुळे पुरुषांना या कामाचे फारसे आकर्षण नव्हते. बायकांना मात्र त्याने पायाखाली जमीन दिली असती, जर काम निघाले असते तर.

पोच

या "जर"चा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये परीक्षा संपवून मी घरी गेले. आमच्या आळीतील २७ बायकांना काम हवे होते. पुस्तकात वाचलेला कायदा मला ठाऊक होता, म्हणून मी सगळ्यांचे अर्ज लिहून दिले. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. अर्ज घेऊन मी संबंधित कार्यालयात गेले. तेथील गृहस्थांनी अर्ज ठेवून घेतले, पण पोच देईनात. म्हणाले, "पोच कशाला पाहिजे? काम निघालं की कळवू की."

सुरुवातीला मलाही वाटले, एवढ्याशा चिठ्ठीसाठी कशाला वाद घालायचा? परंतु रात्री विचार करताना लक्षात आले की, १५ दिवसांची सगळी मोजणी त्या चिठ्ठीवरील तारखेपासून सुरू होते. तारीख नाही तर मुदत नाही. मुदत नाही तर उशीरही नाही आणि भत्ताही नाही. कायद्याची अख्खी इमारत त्या एका कागदाच्या कपट्यावर उभी आहे. हक्काची गोष्ट मेहेरबानीत बदलायची असेल तर कायदा रद्द करावा लागत नाही, पोच न दिली की भागते.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा मी एकटी गेले नाही. २७ जणींपैकी १९ जणी आल्या आणि कार्यालयाच्या दारात सावलीला बसल्या. कोणी घोषणा दिली नाही. आजी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे बसली होती. तासाभराने तारीख घालून, शिक्का मारून पोच मिळाली. तेराव्या दिवशी माळाच्या उतारावर सलग समतल चर खोदायचे काम निघाले.

पहिल्या आठवड्याच्या मोजणीत आईचा रोज ३१२ नव्हे, २८० पडला, कारण मुरूम कठीण होता आणि माप कमी भरले. मजुरी बँकेत जमा व्हायला पाच आठवडे लागले. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस लवकर आला आणि काम थांबले. एकंदर तीन आठवड्यांचे काम झाले. पण पुढे बाजरीच्या भांगलणीला बायकांनी २५० ला जायचे नाकारले, आणि रोज ३०० वर ठरला. एका गावाच्या एका हंगामावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणते. त्या वर्षीच्या पावसाचाही त्यात हात असेल. तरीपण त्या वर्षी दर पारावर ठरला नाही, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

दुसरी बाजू

येथवर वाचून कोणास वाटेल की लेखिका एकच बाजू मांडत आहे. म्हणून आक्षेपांचाही विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप माझ्या घरातलाच आहे. माझ्या चुलत्यांची तीन एकर जमीन आहे. ते बागायतदार नव्हेत; स्वतः राबतात आणि हंगामात पाच-सहा बायका लावतात. रोज ३०० झाल्याचे ऐकून ते मला म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं मजुराला हमी देता. माझ्या कांद्याला कोण हमी देतो, ते पण लिही." त्यांना उत्तर देणे मला जमले नाही. कांद्याला हमीभाव नाही. लहान शेतकरी एका बाजारात मजुरी देणारा असतो आणि दुसऱ्या बाजारात व्यापाऱ्यापुढे अडलेला हरी असतो. त्याच्या मालाचा भाव पडलेला ठेवून केवळ मजुरी वाढवली, तर एका गरिबाचे ओझे दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर जाते. त्यांचे म्हणणे लिहावे म्हणून त्यांनी सांगितले, आणि मी ते लिहिले आहे. कारण ते खरे आहे.

दुसरा आक्षेप कामांच्या दर्जाचा. एका पावसात वाहून गेलेले रस्ते आणि कागदावरचे बंधारे यांच्या कथा सर्वांना माहीत आहेत. हजेरीपटावर खोटी नावेही आढळली आहेत. परंतु त्यासाठी हमीच बंद करावी, हे म्हणणे पटत नाही. काम चोख होईल अशी देखरेख हवी, एवढाच त्याचा अर्थ. पाझर तलाव आणि नालाबंडिंगची जी कामे नीट झाली, त्यांच्यामुळे विहिरींना पाणी आले आणि त्याच गावात पुढे शेतीचे काम वाढले, हेही तितकेच खरे.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. १९८८ साली महाराष्ट्रात शेतमजुरीचे किमान दर जवळजवळ दुप्पट झाले आणि हमीच्या कामाचा दरही त्याबरोबर वाढला. त्यानंतर हमीच्या कामांवरील उपस्थिती मात्र घटली. मजुरांना काम नको झाले म्हणून नव्हे. खर्चाला मर्यादा होती, म्हणून कामेच कमी निघू लागली असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दर वाढला, पण "मागेल त्याला" या शब्दांतील जोर ओसरला. यावरून मी असा धडा घेतला की, हमीला दोन पाय आहेत: एक दराचा आणि दुसरा कामाच्या उपलब्धतेचा. एक पाय लांब करून दुसरा आखूड केला तर चालता येत नाही. नुसता दर जाहीर करणे सोपे आहे. तो मागेल त्या प्रत्येकाला देता येईल एवढा पैसा बाजूला ठेवणे, हीच खरी परीक्षा.

आजचा प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. त्याचबरोबर पेरणी व काढणीच्या हंगामात, वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत, ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला ऐन हंगामात मजूर मिळावा, हा तिचा हेतू आहे. माझ्या चुलत्यांना ही तरतूद न्याय्य वाटते, आणि त्यांची अडचण मी वर सांगितलीच आहे.

परंतु आपण वर जे पाहिले त्यावरून एक प्रश्न उभा राहतो. हमीचे खरे बळ दुसरा दरवाजा उघडा असण्यात आहे. मजुराच्या हाती भाव करण्याची थोडीफार ताकद येते ती हंगामातच. आणि नेमका तेव्हाच दुसरा दरवाजा बंद झाला तर पारावरचा दर पुन्हा चालू होणार नाही काय? मंदीच्या दिवसांत हमी पोट भरते, पण हंगामात ती भाव राखते. ही दोन वेगळी कामे आहेत. दिवसांची संख्या वाढल्याने पहिले काम अधिक चांगले होईल. दुसऱ्याचे काय होते, ते पुढील दोन-तीन हंगामांत गावागावांतील रोजाचे आकडे टिपून पाहावे लागेल. आपल्या महाविद्यालयात खेड्यांतून येणारे शेकडो विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील बाईचा रोज आणि गड्याचा रोज महिन्यातून एकदा वहीत लिहिला, तरी अर्थशास्त्र विभागाला उत्तम अभ्यासाचे साधन मिळेल. मी माझी वही सुरू केली आहे.

समारोप

तेव्हा मजुरीचा भाव कोण ठरवतो? मागणी आणि पुरवठा ठरवतात, हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. मागणी कोणाची, पुरवठा कोणत्या अडचणीतून आलेला, आणि सौदा फिसकटला तर कोण किती दिवस थांबू शकतो, हे त्या रेषांत दिसत नाही. सरकारने प्रत्येक सौद्यात नाक खुपसावे असे मला म्हणायचे नाही. पण दोन्ही बाजूंना थांबता येईल एवढी तजवीज करणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि ती तजवीज कागदावर आहे की हातात, हे तपासणे आपले.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आईला वाचून दाखवला. अर्थशास्त्राचे शब्द आले तेथे ती गप्प बसली. पोचेचा भाग आला तेव्हा उठली, फडताळातून जुन्या वहीत घडी करून ठेवलेली ती चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. शिक्का अजून स्पष्ट आहे. म्हणाली, "ही पण लाव त्यात." मासिकात चिठ्ठी लावता येत नाही, म्हणून तिचा उल्लेख करून थांबते.